वरच्या मजल्यावरून खालचा कॉम्प्युटर दिसत नाही

आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर खालच्या बैठकीत खिडकीशेजारी आहे. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो घेतला तेव्हा दुकानदाराने विचारलं, याला नाव काय देऊ? अब्बा म्हणाले, गावाचं दे. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरचं नाव ‘उस्मानाबाद’. वरच्या मजल्यावर माझा दीर, जाऊ आणि पुतण्या राहतात. त्यांच्याकडे गेल्या वर्षी घेतलेला लॅपटॉप आहे. दोन्ही मजल्यांना एकच इंटरनेट, एकच राउटर. तरीही गेल्या हिवाळ्यात आठवडाभर आम्ही एका फाइलसाठी जिन्यावरून वर-खाली करत होतो. ज्यांच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत त्यांना ही गोष्ट आपलीच वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

फाइल साधी नव्हती. परंडा तालुक्यात अब्बांच्या वडिलांची थोडी जमीन आहे आणि तिची कागदं एका पत्र्याच्या पेटीत होती. मुंतखबाची नक्कल, महसुलाच्या पावत्या, काही पत्रं, सगळं उर्दूत. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले, हे वाचकांना सांगायला नको. तारखाही फसली सनातल्या. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे १३५० फसली हे १९४०-४१. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली. तेव्हा मराठवाड्यातली जुनी दफ्तरं उघडली आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना अचानक किंमत आली. आमच्या घरात अशी एकच व्यक्ती आहे, अम्मी. शिकस्ता वळणाचं घाईचं अक्षरही त्या वाचतात. मला छापील उर्दू येतं, पण त्या कागदांपुढे माझी मती चालत नाही.

अब्बांनी हयातीत सगळी पानं स्कॅन करून ठेवली होती. त्यांच्या इंतकालनंतर वारसाच्या कामासाठी ती मराठीत उतरवायची ठरली. पडद्यावर पान मोठं करून अम्मी वाचणार, मी शेजारी बसून मराठीत टाइप करणार आणि रात्री कामावरून आल्यावर दीर वरच्या लॅपटॉपवर ते सातबाऱ्याशी ताडून पाहणार. अम्मींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नाहीत. म्हणून फाइल पेन ड्राईव्हवर वर जायची आणि सकाळी खाली यायची.

एका रविवारी दिराने पेन ड्राईव्हमधली फाइल खालच्या कॉम्प्युटरवर उतरवली. याच नावाची फाइल आधीच आहे, बदलू का, असं कॉम्प्युटरने विचारलं आणि त्याने ‘हो’ म्हटलं. पेन ड्राईव्हमध्ये नऊ दिवसांपूर्वीची फाइल होती. नऊ दिवसांचं वाचन गेलं. अम्मी म्हणाल्या, “जाऊ दे, पुन्हा वाचू.” पण एक डोळा झाकून त्या भिंगातून पडद्याकडे पाहत बसायच्या ते मी रोज पाहिलं होतं. दीर तर दोन दिवस त्यांच्यासमोर आला नाही.

तेव्हा ठरलं की फाइल एकाच जागी राहील, खालच्या कॉम्प्युटरवर. वरून उघडायची ती तिथूनच. आणि ती उघडेना.

गल्ली एकच आहे का?

माझं कॉम्प्युटरचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. पुतण्या बारावीला आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं, पण त्याची पद्धत अशी की मोबाइलवर शोधायचं आणि सापडेल तो उपाय करून पाहायचा. एका तासात त्याने सात बटणं फिरवली. आधी काय होतं आणि आता काय आहे, हे त्यालाही सांगता येईना. मी त्याला थांबवलं. म्हटलं, एखाद्याच्या घरी जायचं तर आधी गल्ली बघतो, मग घर नंबर, मग दारावरची पाटी आणि मग चावी. तसंच इथे करू, एका वेळी एकच.

पहिली चूक गल्लीतच निघाली. ईदला पाहुणे येतात, प्रत्येक जण वाय-फायचा पासवर्ड मागतो, म्हणून पुतण्याने राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय सुरू केलं होतं. ही सोय चांगलीच आहे. पण पाहुण्यांच्या वाय-फायवरच्या उपकरणाला इंटरनेट मिळावं आणि घरातली बाकीची उपकरणं दिसू नयेत, यासाठीच ती बनवलेली असते. वरचा लॅपटॉप नेमका त्याच वाय-फायवर होता. यूट्यूब चालत होतं, बँकेचं काम होत होतं, म्हणून कुणालाच शंका आली नाही. ‘नेट चालू आहे म्हणजे नेटवर्क बरोबर आहे’ हा समज बहुतेक घरांत असतो आणि तोच सगळ्यात जास्त वेळ खातो.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर आयपी पत्ता दिसतो, ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत. खाली १९२.१६८.१.५ आणि वर १९२.१६८.१.९ असेल तर गल्ली एक. वर तिसराच आकडा वेगळा दिसला तर तो कॉम्प्युटर दुसऱ्या गल्लीत आहे. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून बरेच जण जुना राउटर मध्ये जोडतात, तेव्हाही असं होतं. तो दुसरा राउटर स्वतःची वेगळी गल्ली पाडतो. त्याला अॅक्सेस पॉइंट म्हणून लावून घ्यायला सांगितलं की प्रश्न मिटतो. आणि पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथे वायर किंवा राउटर पाहायचा, फोल्डरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

गल्ली जुळल्यावरही खालचा कॉम्प्युटर दिसेना. याचं कारण राउटर नवा होता. विंडोजला नवा राउटर म्हणजे नवं नेटवर्क, आणि नव्या नेटवर्कला ते सहसा ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं किंवा हॉटेलातलं. अशा ठिकाणी कॉम्प्युटर स्वतःला लपवून घेतो आणि ते बरोबरच आहे. घरच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘पब्लिक’चं ‘प्रायव्हेट’ करावं लागतं, आणि तेही दोन्ही कॉम्प्युटरवर. आम्ही वर केलं, खाली करायचं विसरलो आणि त्यात एक संध्याकाळ गेली.

नावाची भानगड

आता वरच्या लॅपटॉपवर आजूबाजूच्या कॉम्प्युटरच्या यादीत एक नाव उगवलं. पण ते ‘उस्मानाबाद’ नव्हतं. तिथे होतं ‘धाराशिव’.

सगळ्यांनी पुतण्याकडे पाहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने जुना कॉम्प्युटर साफ करून विंडोज नव्याने टाकलं होतं. नाव काय द्यायचं विचारलं तेव्हा २०२३मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं ते त्याला आठवलं आणि त्याने तेच दिलं. जाऊबाई म्हणाल्या, बाहेरचा वाद घरात आणलास. अम्मी खालून म्हणाल्या, “अरे, पण घर तर तेच आहे ना?”

त्यांचं म्हणणं कॉम्प्युटरलाही लागू पडतं, पण अर्धंच. दिराच्या पडद्यावरचा जुना शॉर्टकट ‘उस्मानाबाद’ या नावाने जाणारा होता. त्या नावाचं आता कुणी नाही म्हटल्यावर तो चालणार कसा? नावाऐवजी आयपी पत्त्याने जाता येतं. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे तो पत्ता टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. पत्त्याने उघडलं आणि नावाने उघडलं नाही तर दोष फक्त नावात आहे, हे एका मिनिटात कळतं. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी, कारण ती अर्धा रस्ता कापून देते.

पण पत्ताही कायमचा नसतो. तो राउटर वाटतो. लाइट गेली, राउटर बंद होऊन सुरू झाला की तो वेगळा आकडा देऊ शकतो. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी कशाला सांगू? राउटरच्या सेटिंगमध्ये एखाद्या कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवता येतो. आम्ही खालच्याला तसा राखून दिला आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतला.

चावी

पत्ता बरोबर, नाव बरोबर, दार समोर. आता पडद्यावर चौकट आली, नाव आणि पासवर्ड द्या. दिराने आपल्या लॅपटॉपचा चार आकडी पिन टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक.

इथे बहुतेक लोक अडतात, म्हणून थांबून सांगते. ती चौकट तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड मागत नसते. ज्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर उघडायचं आहे, त्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड तिला हवा असतो. शेजारच्या घराला आपल्या घराची चावी लागत नाही, तसंच. पिन तर इथे कधीच चालत नाही. तो ज्या यंत्रावर बनवला त्या यंत्रापुरताच असतो. आणि खालच्या कॉम्प्युटरवर अब्बांचंच खातं होतं, त्याला पासवर्डच नव्हता. घरात कोण चोर आहे, असं ते म्हणत. पण पासवर्ड नसलेल्या खात्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत येऊ द्यायचं नाही, असा विंडोजचा मुळातला नियम आहे. समोर बसून उघडलं तर चालतं, दुरून नाही.

मग अब्बांच्या वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कसं उघडायचं? त्यांनी पासवर्डची अटच काढून टाकली होती. कुणीही यावं, पाहुणा म्हणून आत शिरावं. जुने कॉम्प्युटर हे चालवून घेत. ऑक्टोबर २०२४मध्ये विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती आली, तेव्हापासून त्याच्या प्रो प्रकारातही असा निनावी पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणं मुळातच बंद ठेवलेलं आहे. पुतण्याने पासवर्डची अट काढून पाहिली, तर लॅपटॉपवर इंग्रजीत संदेश आला की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे हे करता येत नाही. जाऊबाई म्हणाल्या, आपल्या घरात संस्था कधी निघाली? हा संदेश वाचून घाबरू नये. कार्यालयांसाठी लिहिलेलं वाक्य घरातही तसंच दाखवलं जातं, एवढंच.

पुतण्याच्या मोबाइलवर यावरचे उपाय तयार होते. फायरवॉल बंद करा, निनावी पाहुण्यांना परत परवानगी द्या, एसएमबी-१ सुरू करा. यातलं काहीतरी केल्यावर त्याचं काम कदाचित झालंही असतं. मी हट्टाने नको म्हटलं आणि त्याचं कारण लिहायलाच हवं.

एका कॉम्प्युटरने दुसऱ्यातली फाइल मागायची जी भाषा आहे तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती फार जुनी, १९८०च्या दशकातली. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्या दोषामुळे. दोषाची दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती, पण कित्येक ठिकाणी कुणी ती टाकली नव्हती. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्याने तोच दोष आणि चोरलेले पासवर्ड वापरले. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली, डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्याच गटाचं आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर घेऊन आलेले ट्रक रस्त्यावर खोळंबले. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला न विचारता आत घेतो, एवढ्याच ढिलाईचा तो परिणाम. त्यानंतर विंडोजच्या नव्या प्रतींमध्ये एसएमबी-१ मुळातच बंद येऊ लागलं. तेव्हा ‘पूर्वी चालायचं, आता चालत नाही’ ही आपली तक्रार खरी असली, तरी पुष्कळदा काही बिघडलेलं नसतं. कुणीतरी मुद्दाम कडी लावलेली असते. आमचा खालचा कॉम्प्युटर विंडोज १०वर आहे आणि त्याला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अशा म्हाताऱ्या यंत्राचं दार सताड उघडं ठेवणं मला पटेना. पाहुण्यांचं वेगळं वाय-फायही म्हणूनच चालू ठेवलं.

बरोबर मार्ग दहा मिनिटांचा निघाला. खालच्या कॉम्प्युटरवर एक साधं खातं उघडलं, नाव दिलं ‘घर’, त्याला पासवर्ड ठेवला. वरच्या चौकटीत आधी कॉम्प्युटरचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग ‘घर’, आणि खाली पासवर्ड. तरीही एकदा नकार आला. कारण आदल्या दिवशीचा चुकीचा पासवर्ड लॅपटॉपने लक्षात ठेवला होता. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ती जुनी नोंद पुसली आणि दार उघडलं.

आतलं कपाट

फोल्डर उघडलं, पण त्याच्या आतलं ‘कागदपत्रं’ नावाचं फोल्डर उघडेना. परवानगी नाही म्हणे. याचं कारण असं की फोल्डरला दोन कुलपं असतात. एक शेअरिंगचं, नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी. दुसरं सिक्युरिटीचं, ते त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्यालाही लागू. दोन्हीकडे परवानगी हवी आणि दोहोंत जे कडक असेल ते चालतं. शेअरिंगमध्ये ‘घर’ला परवानगी दिली होती, सिक्युरिटीच्या यादीत ते नावच नव्हतं. ते घातलं.

परवानगी किती द्यायची, यावर आमच्याकडे चर्चा झाली. पुतण्या म्हणाला, फुल कंट्रोल द्या, कटकट नको. मी स्कॅनच्या फोल्डरला फक्त वाचण्याची दिली आणि मराठी मजकुराच्या फोल्डरला लिहिण्याचीही. कारण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. वर सहा वर्षांची माझी भाची सुट्टीत येते आणि लॅपटॉपवर चित्रं काढते. अब्बांनी एकेक पान सरळ करून स्कॅनरवर ठेवलं होतं. मूळ कागद आता इतके ठिसूळ झाले आहेत की परत स्कॅन करायला काढले तर घडीवर तुटतील.

याच कारणाने सगळ्या स्कॅनची एक प्रत आम्ही वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून नणंदेकडे सोलापूरला ठेवली आहे. शेअर केलेलं फोल्डर म्हणजे दोन मजल्यांवरून दिसणारी एकच फाइल. ती डिस्क बंद पडली तर दोन्ही मजल्यांवरून एकदमच जाईल.

एकाच फाइलवर काम केल्याचा फायदा मात्र पहिल्याच रात्री दिसला. मी खाली फाइल उघडी ठेवून स्वयंपाकघरात गेले होते. दिराने वरून उघडली तर संदेश आला, ही दुसऱ्याने उघडली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. तो जिन्यातून ओरडला, “भाभी, फाइल बंद करा!” मी केली. नऊ दिवसांचं वाचन पुसण्याची चूक आता सहजी होणार नाही.

अम्मींनी ते नऊ दिवसांचं वाचन पुन्हा केलं, पाच दिवसांत. म्हणाल्या, एकदा वाचलेलं अक्षर ओळखीचं होतं. दुसऱ्या वाचनात एक चूकही सापडली. एका पावतीवरचा सन आम्ही १३४६ फसली लिहिला होता, तो १३४९ निघाला. दिराने सातबाऱ्याशी ताडताना जी तीन वर्षं जुळत नव्हती ती जुळली.

एक तक्रार अजून आहे. इशाच्या नमाजनंतर दीर वर कामाला बसतो आणि बरेचदा खालचा कॉम्प्युटर यादीतून गायब असतो. पहिल्यांदा आम्ही पुन्हा आयपी पत्त्यापासून सुरुवात केली. पत्ता ठीक, वाय-फाय ठीक. मग पुतण्या खाली जाऊन बघून आला. अर्धा तास कुणी हात लावला नाही तर तो कॉम्प्युटर आपोआप झोपी जात होता, आणि झोपलेला कॉम्प्युटर कुणाला फाइल देत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ केलं, पडदा तेवढा बंद होऊ दिला. तरी आठवड्यातून एकदा तो गायब होतोच. कारण वीजबिलाची काळजी करणाऱ्या अम्मी झोपायच्या आधी हाक मारतात, “बेटा, ते उस्मानाबाद बंद केलं का?” आणि खाली जो कुणी असतो, तो बंद करतो.